आकाशांतील हांक आणि आपले कान

एका शब्दाच्या भाषांतरांत झालेली चूक कधीं कधीं दोन पिढ्या पुरते. सन १८७७ मध्यें मंगळ पृथ्वीच्या पुष्कळ जवळ आला असतां मिलान येथील वेधशाळेचे प्रमुख जिओव्हानी स्किआपारेली यांनीं त्या ग्रहाचा एक नकाशा तयार केला. ग्रहाच्या तांबूस पृष्ठभागावर त्यांस ज्या अंधुक रेषा दिसल्या, त्यांना त्यांनीं आपल्या भाषेंतील ‘कानाली’ हा साधा शब्द लावला. इटालियन भाषेंत त्याचा अर्थ नैसर्गिक चर किंवा जलमार्ग असाही होतो. परंतु इंग्रजींत येतांना त्याचे ‘कालवे’ झाले. ओहोळ निसर्ग करतो. कालवा खणण्यास मात्र कोणी तरी लागतो. सुवेझचा कालवा खुला होऊन त्या वेळीं अवघीं आठ वर्षें लोटलीं होतीं, आणि कालवा म्हणजे सुधारलेल्या समाजाच्या पराक्रमाची खूण, अशी युरोपची समजूत होती. त्या एका शब्दाच्या मागोमाग मंगळावर अभियंते आले, शेतें आलीं, आणि हां हां म्हणतां एक समग्र समाज तेथें नांदूं लागला.

परग्रहावर जीवसृष्टि आहे काय, आणि असल्यास तिच्याकडून आपणांस कांहीं संदेश मिळूं शकेल काय, या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आमचा आव नाहीं. तें उत्तर आज कोणापाशींच नाहीं. परंतु या प्रश्नाला स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तो उत्तराइतकाच उद्‌बोधक आहे असें आम्हांस वाटतें. गेल्या सुमारें दीडशें वर्षांत मनुष्यानें आकाशाकडे डोळे व कान कसे लावले, त्याला कितीदां भास झाला, आणि त्या भासांपासून तो काय शिकला, एवढेंच येथें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मंगळावरील कालव्यांचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते म्हणजे बोस्टनचे धनाढ्य गृहस्थ पर्सिव्हल लॉवेल. यांनीं १८९४ सालीं ॲरिझोनामधील फ्लॅगस्टाफ येथें स्वखर्चानें वेधशाळा उभारली आणि रात्रीमागून रात्री जागून मंगळाचीं चित्रें काढलीं. मंगळ पृथ्वीपेक्षां लहान, म्हणून लवकर निवलेला व सुकत चाललेला. त्याच्या ध्रुवांवर मात्र बर्फ. तेव्हां तें वितळतांच त्याचें पाणी ग्रहभर नेण्यासाठीं तेथील सुज्ञ लोकांनीं हे कालवे खणले असले पाहिजेत, असा त्यांचा सिद्धांत होता. तर्काची साखळी सुरेख होती; तिची पहिली कडी मात्र डोळ्यांच्या भासाची होती. लॉवेल हे लबाड नव्हते, आळशीही नव्हते. ‘मनीं वसे तें स्वप्नीं दिसे’ ही म्हण जागृत व विद्वान् मनुष्यासही लागू पडते, एवढेंच त्यांच्या उदाहरणावरून म्हणावयाचें.

हा भास कसा उत्पन्न होतो हें ग्रीनिच वेधशाळेंतील वॉल्टर माँडर यांनीं १९०३ सालीं एका सोप्या प्रयोगानें दाखविलें. त्यांनीं शाळेंतील मुलांपुढें मंगळाचें एक चित्र ठेवलें. त्यांत एकही कालवा काढलेला नव्हता. नुसते लहानमोठे अनियमित ठिपके व छटा होत्या. मुलांना तें पाहून हुबेहूब उतरवावयास सांगितलें. जवळ बसलेल्या मुलांनीं ठिपके काढले; फार मागें बसलेल्यांस तपशील दिसलाच नाहीं; परंतु मधल्या अंतरावरील मुलांनीं सरळ सरळ रेषा ओढल्या! जें स्पष्ट दिसत नाहीं व अगदींच दिसेनासें झालेलें नाहीं, अशा ठिकाणीं मनुष्याचें मन ठिपके जोडून रेषा करतें. पुढें १९०७ सालीं, उत्क्रांतीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीनें मांडणारे वृद्ध शास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहून लॉवेल यांचें मत खोडून काढलें. आणि १९०९ सालीं पॅरिसजवळील म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणींतून आंतोनियादी यांस त्याच रेषा तुटक ठिपक्यांच्या रूपानें दिसल्या. तरीही लोकांच्या मनांतील कालवे बुजण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. त्या जुलै महिन्यांत ‘मॅरिनर ४’ हें यान मंगळाजवळून गेलें आणि त्यानें पाठविलेल्या छायाचित्रांत चंद्रावर असतात तशीं विवरें दिसलीं.

येथवर डोळ्यांची कथा झाली. आतां कानांकडे वळूं. बिनतारी संदेशाची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवतरली, आणि तिच्या बाल्यावस्थेंतच तिला परग्रहाचे वेध लागले. १८९९ सालीं निकोला टेस्ला हे कोलोराडो स्प्रिंग्ज येथें प्रयोग करीत असतां त्यांच्या यंत्रांत ठराविक क्रमानें येणारे ठोके उमटले. १९०१ सालीं त्यांनीं लेख लिहून आपला तर्क प्रसिद्ध केला कीं, ही एका ग्रहानें दुसऱ्या ग्रहास घातलेली साद असावी. त्याच सुमारास, १९०० सालीं, फ्रान्समधील एका विधवा बाईंनीं ठेवलेल्या देणगींतून एक लक्ष फ्रँकांचें बक्षीस जाहीर झालें. जो कोणी दुसऱ्या ग्रहगोलाशीं संदेशाची देवाणघेवाण करील त्याला तें मिळावयाचें होतें. त्यांतली अट ऐकण्यासारखी आहे: मंगळ तेवढा वगळलेला होता, कारण मंगळाशीं बोलणें फारच सोपें ठरेल अशी समजूत होती!

या समजुतीची परीक्षा १९२४ च्या ऑगस्टांत झाली. त्या महिन्याच्या २२–२३ तारखांस मंगळ पृथ्वीपासून साडेपांच कोटि किलोमीटरांहून किंचित् अधिक अंतरावर आला. डेव्हिड टॉड या ज्योतिर्विदांच्या आग्रहावरून अमेरिकेच्या नौदलानें आपल्या बिनतारी केंद्रांस शक्य तितकें मौन पाळून कान देण्याची आज्ञा केली. संदेश आलाच तर त्याचा उलगडा करण्यासाठीं विल्यम फ्रीडमन हे सांकेतिक लिपीचे निष्णात तयार होते. टॉड यांनीं रेडिओच्या ध्वनीचें रूपांतर छायापट्टीवरील ठशांत करणारें एक यंत्रही लावलें होतें. पट्टी धुऊन पाहतात तों तिच्यावरील ठिपक्यांत कित्येकांस मनुष्याचा चेहरा दिसूं लागला. मंगळाकडे कान लावून मनुष्यानें शेवटीं काय पाहिलें, तर आपलाच मुखवटा! शाळकरी मुलांनीं ठिपक्यांच्या रेषा केल्या होत्या. प्रौढांनीं ठिपक्यांचा चेहरा केला.

या हौसेच्या काळानंतर शास्त्राचा काळ आला, आणि तो आला तोही दुसऱ्याच कामाच्या ओघांत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे कार्ल यान्स्की हे समुद्रापलीकडील रेडिओ-दूरध्वनींत खरखर कोठून शिरते याचा तपास करीत होते. विजेच्या वादळांची खरखर त्यांनीं वेगळी काढली. तरी एक बारीक फुसफुस उरली. ती रोज चढे व उतरे. परंतु रोज सुमारें चार मिनिटें आधीं. ज्योतिषाचा परिचय असलेल्या वाचकांच्या लक्षांत येईल कीं, सूर्याचा दिवस चोवीस तासांचा, परंतु ताऱ्यांचा दिवस तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा. जी गोष्ट घड्याळाप्रमाणें चालते ती बहुधा मनुष्याची असते. जी ताऱ्यांप्रमाणें चालते ती ताऱ्यांचीच असली पाहिजे. १९३३ सालीं यान्स्की यांनीं ही फुसफुस आपल्या आकाशगंगेंतून येत असल्याचें जाहीर केलें. रेडिओ-ज्योतिषाचा जन्म असा झाला. आणि चार मिनिटांची ही साधी कसोटी पुढील सर्व श्रोत्यांची कुलदेवता होऊन बसली.

मग प्रश्न उरला तो ऐकावें कोठें हा. आकाश अफाट, आणि कंपनसंख्याही अगणित. याचें उत्तर ज्युसेप्पे कोक्कोनी व फिलिप मॉरिसन या दोघां पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं १९५९ च्या सप्टेंबरांत ‘नेचर’ नियतकालिकांतील एका छोट्या निबंधांत सुचविलें. विश्वांत सर्वांत विपुल मूलद्रव्य हायड्रोजन. तो एकवीस सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे सेकंदाला सुमारें १४२ कोटि कंपनांच्या, रेडिओलहरी स्वभावतःच बाहेर टाकतो, हें १९५१ सालीं प्रत्यक्ष सिद्ध झालेलें होतें. कोणत्याही सुज्ञ समाजाच्या ज्योतिर्विदांस ही लहर माहीत असणारच. तेव्हां अनोळखी गांवांत हरवलेलीं माणसें जशीं आपण होऊन गांवच्या वेशीशीं गांठ घालतात, तशी ही लहर भेटीचें स्थान व्हावी, असा त्यांचा विचार. आणि यश येईल कीं नाहीं याचा अंदाज कठीण असला, तरी शोधच न केल्यास यश येणार नाहीं हें निश्चित, असा त्यांचा निष्कर्ष होता.

योगायोग असा कीं, त्याच वेळीं फ्रँक ड्रेक हा तिशीच्या आंतला तरुण वेस्ट व्हर्जिनियांतील ग्रीन बँक येथें याच लहरीवर कान लावण्याची तयारी करीत होता. ८ एप्रिल १९६० रोजीं पहांटे त्यानें ८५ फूट व्यासाची तबकडी टाउ सेटी नांवाच्या, आणि नंतर एप्सिलॉन एरिडानी नांवाच्या ताऱ्याकडे वळविली. हे दोन्ही तारे आपल्यापासून सुमारें दहा ते बारा प्रकाशवर्षें दूर व आपल्या सूर्याच्या जातीचे. दुसऱ्या ताऱ्याकडे तबकडी वळते न वळते तोंच यंत्राची लेखणी जोरजोरानें नाचूं लागली. केवढा तो क्षण असेल! परंतु ड्रेक यानें वर्तमानपत्रांकडे धांव घेतली नाहीं. पुढल्या दिवसांत त्यानें एक लहान आकाशक बाहेर लावून ठेवला. हेतु हा कीं, संदेश जर खरोखर ताऱ्याचा असेल, तर तो मोठ्या तबकडींतच येईल. या लहानग्यास तो ऐकूं येणार नाहीं. कांहीं दिवसांनीं तो आवाज पुन्हा आला, आणि दोहोंतही आला. तो पृथ्वीवरचाच, बहुधा एखाद्या विमानाचा होता. लॉवेल व ड्रेक यांच्यामध्यें साठ-सत्तर वर्षांचें अंतर. परंतु खरें अंतर त्या बाहेर लावलेल्या आकाशकाएवढें आहे. पहिल्यानें आपल्या आशेस पुरावे जमविले. दुसऱ्यानें आपल्या आशेवर पहारा बसविला.

पुढील वर्षीं, १९६१ सालीं, याच ग्रीन बँक येथें थोडे विद्वान् जमले, आणि चर्चेस विषय असावा म्हणून ड्रेक यानें फळ्यावर एक समीकरण लिहिलें. दर वर्षीं किती तारे जन्मतात, त्यांपैकीं किती ताऱ्यांस ग्रह असतात, त्यांपैकीं किती ग्रह राहण्याजोगे, किती ठिकाणीं जीव उपजतो, किती ठिकाणीं त्यास बुद्धि येते, किती समाज संदेश पाठवूं लागतात, आणि ते किती काळ टिकतात, या सर्वांचा गुणाकार करावयाचा. यांपैकीं पहिल्या अंकांचा अंदाज आज पुष्कळ बरा झाला आहे. सूर्यासारख्या परक्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा पहिला ग्रह १९९५ सालीं सांपडला. आतां असे ग्रह पांच हजारांहून अधिक मोजले गेले आहेत. मधल्या अंकांपुढें मात्र अजून कोरें आहे, कारण जीव उपजल्याचें उदाहरण आपणांस एकच ठाऊक आहे, आणि तें आपलें स्वतःचें.

परंतु आमच्या मतें सर्वांत गंभीर अंक शेवटचा आहे. सन १९५० च्या उन्हाळ्यांत लॉस अलामॉस येथें दुपारच्या जेवणाच्या वेळीं एन्रिको फर्मी यांनीं मध्येंच विचारलें होतें कीं, ते सगळे आहेत तरी कोठें? आकाशगंगा इतकी जुनी आहे कीं, कोणी तरी एव्हांना येथवर पोंचावयास हवें होतें. हा प्रश्न जेथें विचारला गेला तें स्थळ विसरतां येत नाहीं. पांचच वर्षांपूर्वीं त्याच लॉस अलामॉसमध्यें तयार झालेले अणुबाँब हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर पडले होते. रेडिओची विद्या व आत्मनाशाची विद्या मनुष्याच्या हातीं अर्ध्या शतकाच्या आंतच पडल्या. हीच गोष्ट सर्वत्र घडत असेल, तर आकाशांतील शांततेचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. ताऱ्यांविषयींच्या त्या समीकरणाचा अखेरचा अंक आपणच आपल्या वर्तनानें लिहीत आहोंत.

या शोधांतील सर्वांत सुंदर प्रसंग १९६७ सालचा आहे. केंब्रिज येथें जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी साडेचार एकरांवर पसरलेल्या तारांच्या दुर्बिणीनें काढलेले आलेख हातानें तपासत होती. दररोज सुमारें शंभर फूट कागद निघे. त्यांत तिला एके ठिकाणीं कांहीं तरी निराळी खरखर आढळली; दुसऱ्या कोणाच्या नजरेंतून ती सहज सुटली असती. २८ नोव्हेंबर रोजीं कागद जलद फिरवून पाहतां दर १.३३ सेकंदांस एक, असे घड्याळासारखे नियमित ठोके मिळाले. तो आवाज ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणें उगवत व मावळत होता. म्हणजे चार मिनिटांची कसोटी तो उतरला होता. मंडळींनीं अर्धवट थट्टेनें त्यास ‘छोटीं हिरवीं माणसें’ असें नांव दिलें. परंतु थट्टेखालीं काळजी होती. हें खरें असेल तर जगाला सांगावें कसें? तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांनीं पाहिलें कीं, हीं माणसें एखाद्या ग्रहावर असतील, तर तो ग्रह फिरतांना ठोक्यांच्या वेळेंत फरक पडेल. तसा फरक मिळाला नाहीं. डिसेंबर सरतां सरतां बेल हिनें आकाशाच्या निराळ्याच भागांत दुसरा तसाच ठोका शोधून काढला. दोन निरनिराळीं राष्ट्रें एकाच वेळीं, एकाच रीतीनें आपल्याला हांक मारतील हें संभवत नाहीं. उत्तर निसर्गाचें होतें: अत्यंत वेगानें स्वतःभोंवतीं फिरणारे, मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन अवशेष, म्हणजे पल्सार. परग्रहवासी मिळाले नाहींत. परंतु ‘ते नव्हेत’ हें प्रामाणिकपणें सिद्ध करतांना ज्योतिषाचें एक नवें दालन उघडलें.

उलगडा न झालेलें एक उदाहरणही येथें नमूद केलें पाहिजे. १५ ऑगस्ट १९७७ रोजीं ओहायोमधील एका मोठ्या रेडिओ दुर्बिणींत धनु राशीच्या दिशेकडून, हायड्रोजनच्याच लहरीजवळ, बहात्तर सेकंद टिकलेला एक जोरदार आवाज उमटला. पुढें कागद तपासतांना जेरी एमन यांनीं त्या अंकाक्षरांभोंवतीं लाल वर्तुळ काढून आपण ‘अबब!’ म्हणतों त्या अर्थाचा इंग्रजी उद्गार समासांत लिहिला. स्थिर दुर्बिणीसमोरून एखादा तारा सरकतांना त्याचा आवाज जसा चढेल व उतरेल, तसाच तो होता. परंतु त्या दुर्बिणीस शेजारीशेजारी दोन कान होते. दुसऱ्या कानास तो कांहीं मिनिटांच्या अंतरानें ऐकूं यावयास हवा होता, तो आला नाहीं. पुढें पुष्कळांनीं पुष्कळदां तेथें कान लावला. तो पुन्हा कधींच आला नाहीं. एकदां आलेला व पुन्हा न आलेला आवाज हा पुरावा नव्हे, हें एमन यांनाही मान्य होतें. उद्गार लिहावा, पण सिद्धांत लिहूं नये, असा हा संयम आहे.

एवढें सावध राहूनही मनुष्य स्वतःच्या पायांत किती अडखळतो याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथें मिळालें. तेथील प्रचंड दुर्बिणींत वर्षानुवर्षें अधूनमधून चमत्कारिक स्पंदनें येत. २०१५ सालीं त्यांचें मूळ सांपडलें. काम संपण्यापूर्वींच कोणी मायक्रोवेव्ह भट्टीचें दार उघडलें, कीं तें स्पंदन आकाशाचा वेष घेऊन दुर्बिणींत शिरत असे. अब्जावधि मैलांवरील तारे ऐकावयास बसावें आणि शेजारच्या स्वयंपाकघरांतील जेवण ऐकूं यावें, याहून मोठा विनोद कोणता!

आतां आमचे कांहीं वाचक विचारतील कीं, साठांहून अधिक वर्षें कान लावून कांहींच ऐकूं आलें नाहीं, तर हा उद्योग चालूं ठेवावा तरी कशाला? अमेरिकेच्या कायदेमंडळानें हाच प्रश्न विचारून, १९९२ सालीं सरकारी खर्चानें सुरू झालेला शोध दुसऱ्याच वर्षीं बंद पाडला. त्यानंतर तो मुख्यतः खासगी देणग्यांवर चालत आला आहे. उपाशी माणसें असतां ताऱ्यांवर पैसा कां, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु ‘कांहींच ऐकूं आलें नाहीं’ यावरून ‘कोणीच नाहीं’ हें अनुमान मात्र घाईचें आहे. जिल टार्टर या संशोधिकेनें म्हटल्याप्रमाणें, समुद्रांतून पेलाभर पाणी काढावें व त्यांत मासा नाहीं म्हणून समुद्रांत मासेच नाहींत असें ठरवावें, तसें तें होईल. आपली आकाशगंगा सुमारें एक लक्ष प्रकाशवर्षें रुंद. आणि आपल्या स्वतःच्या रेडिओचा आवाज तींत अजून शंभर-सव्वाशें प्रकाशवर्षांपलीकडे पोंचलेलाही नाहीं. ज्या दिंडीच्या आपण नुकतेच वाटेला लागलों आहोंत, तिचा मुक्काम आला नाहीं म्हणून रडण्यांत अर्थ नाहीं.

या कथेचा शेवट आपल्याच भूमींत करण्याचा योग आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेंतून उभी राहिलेली, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आपल्या लोकांनीं बारीक तारांच्या जाळ्या ताणून तिच्या तबकड्या हलक्या व स्वस्त बनविल्या. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें एक छोटें यान मंगळावर उतरत असतां त्याचा अति क्षीण रेडिओ आवाज ऐकण्याची कामगिरी या दुर्बिणीकडे होती. त्या यानाचें नांव होतें स्किआपारेली.

मंगळाकडून येणारी हांक ऐकावी म्हणून १९२४ सालीं एका राष्ट्राचें नौदल गप्प बसलें होतें. ब्याण्णव वर्षांनीं जुन्नर तालुक्यांतील एका खेड्याजवळ मंगळाकडून खरोखरीची हांक आली. ती आपणच धाडलेल्या यंत्राची होती. परंतु कोट्यवधि किलोमीटरांवरून आलेली क्षीण साद ओळखतां येते हें तिनें सिद्ध केलें. उतरण्याच्या नियोजित क्षणापूर्वीं थोडाच वेळ ती एकाएकीं थांबली. यान मंगळावर आदळून नष्ट झालें होतें, हें मागाहून कळलें. ऐकणाऱ्यांनीं त्या शांततेंत कांहीं भरलें नाहीं; जें ऐकलें तें, आणि तें जेव्हां थांबलें ती वेळ, एवढेंच त्यांनीं कळविलें. उद्यां जर परक्या ताऱ्याकडून कोणाची खरी हांक आलीच, तर ती ओळखण्यास याच संवयीचे कान लागतील.